शंकेचा फायदा

माझे मामा मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. दिवसपाळी, बारा तास. गेल्या वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्याबद्दल तक्रार आली: वॉचमन इंटरकॉम उचलत नाही, झोपलेला असतो.

मामा झोपलेले नसतात. २४ वर्षं फौजेत काढलेला माणूस. ड्युटीवर डुलकी काढणं त्यांच्या लेखी चोरीइतकंच वाईट. इंटरकॉमची रिंग बारीक आहे आणि ती त्यांना ऐकू येत नाही, एवढीच गोष्ट. पण हे त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं नाही. "सॉरी साहेब, परत नाही होणार," म्हणाले आणि त्या दिवसापासून इंटरकॉमवरच्या लाल दिव्याकडे तोंड करून बसायला लागले.

मला हे मामींकडून कळलं. "तूच समजाव त्यांना," मामी फोनवर म्हणाल्या. "कानासाठी वेगळी पेन्शन मिळते म्हणे फौजेतल्यांना. विचारलं की चिडतात." मग एका रविवारी मी घाटकोपरहून मुलुंडला गेले. मनात असं, की फॉर्म असेल, वेबसाइट असेल, चहा होईपर्यंत भरून टाकू. माझ्या वयाच्या सगळ्यांना असंच वाटतं.

मामांनी कपाटातून हिरव्या रेक्झिनची फाइल काढली. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुने बदलीचे कागद, सगळं क्रमाने लावलेलं. त्यात निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची प्रत होती. फौजेतून बाहेर पडताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि तुमचं शरीर शेवटचं तपासून त्यावर शेरा मारतं. मामांच्या कागदावर दोन्ही कानांच्या नसांमुळे आलेल्या बहिरेपणाचं इंग्रजी नाव होतं, पुढे आकडा होता १५ टक्के, आणि त्यापुढे चार अक्षरं. त्यांचा उच्चार फौजेत सगळे 'नाना' असा करतात.

आमच्या गावाकडे नाना म्हणजे घरातला मोठा, आदराचा माणूस. फौजेच्या कागदावर नाना म्हणजे एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं: हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कागदावर नाना आला की डिसॅबिलिटी पेन्शनचं दार बंद.

मामांच्या बाबतीत तर ते दोनदा बंद झालं होतं. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या सैनिकाचं अपंगत्व किमान २० टक्के धरलं गेलं, तरच ही जादा रक्कम सुरू होते. १९ टक्क्यांना शून्य. आणि गंमत बघा, २० टक्के मान्य झाले की ते ५० धरले जातात. पन्नासपेक्षा कमी काहीही असलं तरी ५०, त्यापुढे ७५, त्यापुढे १००, अशी ती पायरी आहे. मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांनाही ही पायरी लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ठरवलं. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्या हिशेबाने खाली. शेवटचा पगार ४०,००० धरला तर २० टक्के मान्य झालेल्या माणसाला दरमहा ६,००० जास्त. १९ टक्केवाल्याला काहीच नाही. त्या एका टक्क्यात मामांच्या घराचं अर्धं भाडं बसतं.

पण मला टक्क्यांपेक्षा नाना जास्त टोचला. मामा तोफखान्यात होते. चोवीस वर्षं तोफेच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाबद्दल कुणी 'सेवेचा संबंध नाही' असं कसं लिहू शकतं?

"लिहिलंय ना खाली," मामा म्हणाले. खाली लिहिलं होतं की आजार 'पीस स्टेशन'मध्ये असताना सुरू झाला. फौजेत पोस्टिंगचे दोन मोठे प्रकार: फील्ड, म्हणजे सीमा, डोंगर, धोक्याची जागा, आणि पीस, म्हणजे शांततेची छावणी. मामांना कमी ऐकू येतं याची पहिली नोंद शांततेच्या छावणीत झाली होती. तिथेही फायरिंग रेंज होती. तिथेही सराव चालायचा. मामा म्हणाले, "तोफेला काय माहीत पीस का फील्ड."

*

या जागी मी रागावून कुणाला तरी व्हिलन ठरवू शकले असते. पण मामांनी पुढची गोष्ट सांगितली आणि प्रकरण अवघड झालं.

"आवाजाचा त्रास सुरू झाला कधी?" मी विचारलं.

"लय आधी. नायक होतो तेव्हापासून. फायरिंग झालं की दोन दिवस कानात शिट्टी वाजायची. मग ती थांबायची बंदच झाली."

"मग डॉक्टरला दाखवलं नाही?"

मामा हसले. फौजेत प्रत्येकाची एक मेडिकल कॅटेगरी असते, तिला 'शेप' म्हणतात. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, या पाच गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. पाचही ठीक असतील तर शेप वन. बढतीला शेप वन लागतं. नायकाचा हवालदार व्हायचा असेल तर कानाची तक्रार नोंदवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. शिवाय जो उठसूट आजारी म्हणून नाव देतो त्याच्याकडे युनिटमध्ये कसं बघतात, ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. कानात कापूस घालायचा आणि काम करायचं. गावाहून पत्र आलं की वाचायला कान लागत नाहीत, असंही म्हणाले.

म्हणजे २४ वर्षं चांगला सैनिक असण्याचा एक भाग असा होता की दुखण्याचा कागद तयार होऊ द्यायचा नाही. आणि २४ वर्षांनी बोर्डाने विचारलं: कागद कुठे आहे?

हा निव्वळ सरकारी ढिसाळपणा नाही असं मला वाटतं. एकाच संस्थेला एकाच माणसाकडून दोन उलट गोष्टी हव्या आहेत. नोकरीत असताना दुखणं गिळणारा माणूस हवा, आणि बाहेर पडताना प्रत्येक दुखण्याची तारीखवार नोंद ठेवलेला. जो पहिल्या परीक्षेत पहिला येतो तो दुसरीत हमखास नापास होतो.

*

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. उलट, कायद्याने यावर बराच विचार केलेला आहे. तो समजून घेताना मला एक गोष्ट स्पष्ट होत गेली, ती इथे मांडते.

भरती होताना फौज तुमचं शरीर कसून तपासते. मामांना आठवतं: भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि मागून, सहा मीटरवरून, डॉक्टर कुजबुजत आकडे म्हणत होते. ते ऐकून परत म्हणायचे. एक कान झाला की दुसरा. छाती, वजन, दात, तळवे, सगळं. हजार पोरांतून काही निवडली गेली. ज्याच्यात खोट दिसली त्याला घरी पाठवलं.

१९८२ च्या नियमांनी यावरून एक साधा निष्कर्ष काढला होता. भरतीच्या वेळी कागदावर काही आजार लिहिलेला नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं गृहीत धरायचं. पुढे आजारपणामुळे त्याला घरी पाठवायची वेळ आली, तर ती पडझड सेवेमुळे झाली असं गृहीत धरायचं. अर्जदाराने काही सिद्ध करायचं नाही. रास्त शंका उरत असेल, तर तिचा फायदा अर्जदाराला. फौजेच्या डॉक्टरांना वेगळं वाटत असेल, म्हणजे हा आजार आधीपासून होता पण भरतीच्या तपासणीत दिसणं शक्य नव्हतं असं म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहायची.

धर्मवीर सिंग हे सिग्नल कोअरमधले शिपाई. १९८५ ला भरती झाले, १९९४ ला फिट येतात म्हणून २० टक्के अपंगत्व लावून घरी पाठवले गेले. पेन्शन नाकारली, कारण बोर्डाच्या मते आजार सेवेशी संबंधित नव्हता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०१३ च्या जुलैमध्ये संपलं. न्यायालयाने पाहिलं की भरतीच्या कागदावर फिट्सची नोंद नाही आणि बोर्डाने आपल्या मताला एकही कारण दिलेलं नाही. पेन्शन मंजूर झाली. १९ वर्षं गेली.

या खटल्यात मला सगळ्यात रोचक वाटतं ते असं, की धर्मवीर सिंग यांना फिट्स नेमक्या कशामुळे येऊ लागल्या, हे न्यायालयाने शोधून काढलं नाही. शोधणं शक्यही नव्हतं. अनेकदा डॉक्टरांनाही मिरगीचं कारण सापडत नाही. न्यायालयाने एवढंच ठरवलं, की जे कुणालाच माहीत नाही त्याचं ओझं कुणी उचलायचं.

आपण 'निदान' हा एक शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. या माणसाला काय झालंय? ते कशामुळे झालंय? आणि त्याचं किती नुकसान झालंय? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देऊ शकतो, बरेचदा छान देऊ शकतो. तिसऱ्याचं उत्तर देताना तो आकडा लिहितो, आणि १५ का, १८ का नाही, हे तो स्वतःलाही धड सांगू शकणार नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वैद्यकशास्त्राकडे अनेकदा प्रामाणिक उत्तर एकच असतं: सांगता येत नाही. हे उत्तर लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही. रकाने दोनच, होय आणि नाही. त्यामुळे 'सांगता येत नाही' हे 'नाही'मध्ये भरलं जातं, त्यावर तीन सह्या होतात, आणि ते विज्ञानाचं मत बनतं.

माझं म्हणणं आहे की इथे एक नैतिक निर्णय वैद्यकीय निर्णयाचा कोट घालून फिरतो आहे. अज्ञानाची किंमत कोणी मोजावी, हे स्टेथोस्कोपने कळत नाही. ते आपण ठरवायचं असतं. आणि फौजेच्या बाबतीत ते ठरवायला एक भक्कम आधार आहे: शरीर घेताना पावती तुम्ही स्वतः लिहिली आहे. तुमचे डॉक्टर, तुमची कुजबुज, तुमचा शिक्का. दुकानातून वस्तू तपासून, पावती घेऊन, २४ वर्षं वापरून परत करताना 'ही मुळातच फुटकी होती' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काय म्हणतो?

२००८ साली नवे नियम आले. त्यांत ते जुनं गृहीतक पहिल्यासारखं राहिलं नाही. मामा २०१२ ला निवृत्त झाले, म्हणजे या नियमांत. तरी अर्जदाराकडे साधारणपणे पुरावा मागू नये, हे त्यातही आहे. फक्त निवृत्तीनंतर १५ वर्षांनी, म्हणजे सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झाल्यावर कुणी दावा केला, तर सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. मामांची १५ वर्षं २०२७ ला भरतात. मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तोवर मीच भरेन."

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सैनिकाच्या मधुमेहाच्या प्रकरणात म्हटलं, की आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला एवढं लिहिणं पुरेसं नाही; सेवेमुळे झाला नसेल तर कशामुळे झाला, हे बोर्डाने सांगायला हवं. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि एन. कोटिस्वर सिंग यांनी, स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात हीच ओळ पुढे नेली: कारणं न देता दिलेल्या बोर्डाच्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही. तो सैनिक १९९८ साली घरी आला होता.

*

आता दुसरी बाजू. ती मला मामांकडूनच ऐकावी लागली.

मी त्यांना हे सगळं उत्साहात सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "आमच्यातला एक आहे, त्याला बीपीची पेन्शन आहे. रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं खाऊन खाऊन बीपी केलं गड्यानं. ते चालतं का तुझ्या कायद्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात हेच विचारलं होतं: इतके लोक डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन कसे निवृत्त होतात? आणि अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण जवानांच्या जवळपास दुप्पट कसं? धोक्याच्या जागी जास्त कोण राहतं ते बघता आकडे उलटे असायला हवेत. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार त्यात बरेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पुन्हा नवे नियम आणले. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेला आता 'पेन्शन' न म्हणता 'इम्पेअरमेंट रिलीफ' म्हणतात. रिलीफ हा शब्द मला खटकतो. दुष्काळग्रस्तांना दिलेल्या मदतीसारखा वाटतो. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात १९८२ लाच सांगितलं होतं.

पण शब्द बाजूला ठेवू. संशय घेणाऱ्याचा मुद्दा खोटा नाही. पैसा लोकांचा आहे. आणि कुठलीही व्यवस्था दुखण्याला पैसे देऊ लागली की काही माणसं दुखणी गोळा करायला शिकतात. माझा आक्षेप इतकाच आहे, की हा संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला मेडिकलची भाषा येते, कुठल्या वर्षी काय नोंदवावं हे कळतं, ज्याचा डॉक्टरांशी उठण्याबसण्याचा संबंध आहे, त्याचा कागद तयार असतो. कापूस घालून तोफेशेजारी उभा राहणाऱ्याचा नसतो. निदान कडक केलं की खोटा माणूस गळतो असं आपल्याला वाटतं. आधी गळतो तो कागद नसलेला. बीपीवाला तर कागद घेऊनच बसलेला आहे.

*

आपल्याला दिसणारी जखम समजते. 'चंदू चॅम्पियन' पाहून थिएटरात रडलेले बरेच जण हे वाचत असतील. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. त्या शरीराला 'हे कशामुळे?' असं कुणी विचारणार नाही. अशा जखमींसाठी पेन्शनचा वेगळा, मोठा प्रकारही आहे. खडकीला १९१७ पासूनची क्वीन मेरीज संस्था आहे, जिथे अपंग सैनिक काम शिकतात. जखमेला तारीख असते, जागा असते, शत्रू असतो. कानातल्या शिट्टीला यातलं काही नसतं.

आणि ज्याला नावच नाही त्याचं काय? पहिल्या महायुद्धात सैनिक थरथरत, मुके होऊन परतू लागले. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये त्याला 'शेल शॉक' हे नाव छापून दिलं. नाव मिळताच ते सैनिक भित्रे नसून आजारी ठरू लागले, आणि ब्रिटिश लष्कराला घाम फुटला. १९१७ मध्ये फतवा निघाला की आघाडीवर हा शब्द वापरायचा नाही. कागदावर लिहायचं, 'अद्याप निदान झालेले नाही, मज्जासंस्था'. नाव काढून घेतलं की माणूस पुन्हा संशयित होतो.

अमेरिकेत माजी सैनिकाला साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आजचं निदान, सेवेतली घटना आणि दोन्हींना जोडणारा धागा. पण आखाती युद्धाहून परतलेल्या हजारो लोकांना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असं काहीबाही होत होतं आणि कुठल्याच तपासणीत सापडत नव्हतं. तेव्हा १९९४ च्या एका कायद्याने निदान न झालेल्या आजारालाही भरपाई देण्याची सोय केली. २०१८ मध्ये सॉन्डर्स नावाच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने म्हटलं की दुखण्यामागचं निदान सापडलं नाही, तरी कामावर परिणाम करणारं दुखणं हेच अपंगत्व असू शकतं. आणि ज्या तक्रारीसाठी तिथे सगळ्यात जास्त माजी सैनिकांना भरपाई मिळते ती कुठली, माहितीये? टिनिटस. कर्णनाद. कानातली शिट्टी. दहा टक्के, त्याहून जास्त नाही. ती दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. ती मोजणारं खात्रीचं यंत्र नाही. सैनिक सांगतो आणि बहुतेक वेळा ते ऐकलं जातं.

हे वाचून आपल्यातला मुंबईकर अस्वस्थ होतो, हे मला माहीत आहे. आपण लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट दिसणारा माणूस बघितला की त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळणारी माणसं आहोत. मी स्वतः घाटकोपरला एका मुलाकडे असं बघितलंय. त्याने काही न बोलता पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. मी मागितलंही नव्हतं. त्याला सवय होती.

*

शेवटी मामांना मी एवढ्यावर राजी केलं की कानाची तपासणी करून घेऊ. पेन्शनसाठी नाही, नोकरीसाठी. इंटरकॉम ऐकू यायला हवा. मुलुंडमधल्याच एका क्लिनिकमध्ये गेलो. काचेची छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

बाहेर थांबलो होतो तेव्हा मामांनी सहज सांगितलं, "बोर्डाच्या वेळी पण असंच होतं. मी बरोबर दाबायचो."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे, ऐकू आलं असं वाटलं की दाबायचं. मध्ये लय वेळ गेला तरी दाबायचं. आवाज दिला असणारच त्यांनी."

मला समजायला थोडा वेळ लागला. २४ वर्षं प्रत्येक मेडिकल 'पास' करायची असते ही सवय. निवृत्तीचं बोर्ड ही एकच तपासणी होती जिथे नापास होण्यात त्यांचा फायदा होता. तिथेही त्यांनी अंदाजाने बटण दाबलं. जिथे शंका होती तिथे त्यांनी तिचा फायदा फौजेला दिला. त्यातले किती टक्के कानाचे आणि किती अंदाजाचे, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. कागदावर १५ आहेत.

तपासणाऱ्या मुलीला मी हे हळूच सांगितलं. तिने दार पुन्हा उघडलं. "काका, नक्की ऐकू आलं तरच दाबा हं. नाही आलं तर काही हरकत नाही." मामांनी मान डोलावली, फौजी डोलावतात तशी, ताठ.

आलेखात उजवीकडे, चार हजार हर्ट्झच्या आसपास, रेघ खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानात ती अशी पडते, ती म्हणाली.

"म्हणजे तोफेमुळे?" मी विचारलं.

"आवाजामुळे. कुठल्या, ते यातून कळत नाही." तिने मामांच्या युनिफॉर्मकडे बघितलं. "काका काम कुठे करतात?"

एलबीएस रोडवर, गेटवर. बारा वर्षं झाली. समोर मेट्रोचं काम चालू आहे.

घरी येताना रिक्षात मामा फाइल मांडीवर घेऊन बसले होते. नवा कागद त्यांनी आधीच योग्य जागी, बोर्डाच्या कागदाच्या मागे लावला होता. मी म्हटलं, मामा, अपील करायचं का? वकिलाला विचारू, मुंबईत लष्करी न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी उजव्या बाजूला बसले होते आणि तो त्यांचा जास्त खराब कान, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी वाकून, जरा मोठ्याने, पुन्हा विचारलं.

"मला ऐकू आलं होतं," मामा म्हणाले. "विचार करतोय."